अंगात आलेलं हीव

घात केला तो वाफेने.

सुनीतीने सगळं बेताने केलं होतं. अर्धी कळशी न्हाणीतल्या चुलीवरचं ऊन पाणी, अर्धी देवळाच्या तळीचं, वर आंब्याचं पान. पाहणाऱ्याला सातही कळश्या सारख्याच दिसाव्यात. पण मार्गशीर्षातली सकाळ, डोंगरावरून उतरलेला गारठा, आणि तिसऱ्या कळशीच्या तोंडातून निघालेली ती केसाएवढी वाफ. पडवीत वाती वळत बसलेल्या अक्कांनी मान वर केली.

"ह्या काय गो?"

"पाणी."

"पाणी माका दिसता. धूर कसलो ता इचारतंय."

अक्का उठल्या, कळशीत बोट बुडवलं, आणि ती उचलून परसातल्या केळीच्या बुंध्याशी नेऊन ओतली.

"घे. केळीक थंडी वाजत होती, ती गेली."

"अक्कानू, मुंबयच्या डागदरान सांगल्यान—"

"मुंबयच्या डागदराक सातेरी ठावक आसा?"

"तेका ह्येंचा काळीज ठावक आसा," सुनीती म्हणाली. "हातात धरलेल्यान ता."

नणंद-भावजयीच्या पंचवीस वर्षांत सुनीतीने असं उलट उत्तर फारदा दिलं नव्हतं, त्यामुळे दोघींनाही पुढे काय करायचं ते कळेना. अक्का विहिरीच्या दिशेने बघत राहिल्या, सुनीती केळीकडे.

कुसगाळू गावच्या सातेरीदेवीचा अवसार याच घरातला. वार्षिकाच्या दिवशी देवी ज्याच्या अंगात येते आणि गावाच्या प्रश्नांना उत्तरं देते तो पुरुष तीन पिढ्या इथूनच उभा राहत आला. आधी अक्कांचे आजोबा, मग वडील आणि काका, आणि गेली बावीस वर्षं अक्कांचा भाऊ विश्राम, सुनीतीचा नवरा. नेम साधा होता. तळीच्या सात कळश्या अंगावर घ्यायच्या, अंग पुसायचं नाही, ओल्या धोतराने देवळापुढे जाऊन उभं राहायचं, देवी येईपर्यंत. कधी ती पाच मिनिटांत आली, कधी तिने तास घेतला. बावीस वर्षांत सुनीतीने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण गेल्या आषाढात मुंबईला विश्रामची छाती उभी चिरून हृदयातली सडलेली झडप काढली होती आणि तिथे धातूची बसवली होती. जवळ बसलं की ती ऐकू यायची. टिक. टिक. पहिल्या रात्री सुनीतीने उशीखालचं घड्याळ शोधलं होतं.

आणि तिने काचेपलीकडून जे बघितलं होतं ते या घरात दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं. ऑपरेशन होऊन दोन तास झाले असतील. विश्राम अजून शुद्धीवर नव्हता आणि त्याचं अंग हुडहुडायला लागलं. थंडी वाजल्यासारखं नव्हे, जात्यावर बसवल्यासारखं. पलंगाच्या सळ्या वाजत होत्या. दोन नर्सा धावल्या, डोकं गुंडाळलं, गरम कांबळी टाकली, नळीतून कसलंसं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी पलंग गप्प झाला. नंतर त्यांतली एक, केरळची, बाहेर आली आणि मोडक्यातोडक्या मराठीत तिने सांगितलं, की ऑपरेशनला अंग मुद्दाम थंड करतात, ते ऊब धरताना असं होतं. आणि ते लगेच थांबवायला लागतं. "अंग हलते, तर सगळे स्नायू ऑक्सिजन मागते, बाई. डबल. कधी तिप्पल. आत्ता शिवलेला हार्ट, तो कुठून देणार?"

सुनीती सातवीपर्यंत शिकलेली. तिने ते आपल्या परीने लावून घेतलं. लग्नघरात पन्नास पानांचा स्वयंपाक आणि पंगतीला दीडशे माणसं. सगळी ताटं वाजवतायत आणि वाढपी एकटा. वाढपी धावतो. नाही म्हणायची त्याला सवयच नसते. धावत धावतच तो पडतो.

"भांडतास कित्याक सकाळीच?" विश्राम उघड्या अंगाने बाहेर आला. गळ्याखालून बेंबीकडे गेलेला व्रण, गोणीला मारलेल्या दाभणाच्या टाक्यांसारखा. "अक्का, घाल पाणी."

"अवो, तुमका बरा आसा मा?"

"माका काय धाड भरली नाय."

"डोळे लाल दिसतत."

"जागरण झाला. घाल गो अक्का."

अक्कांनी ऊन पाणी मिसळलेल्या बाकीच्या कळश्याही ओतून टाकल्या आणि सगळ्या तळीवर जाऊन पुन्हा भरून आणल्या. साठी उलटलेली बाई, पण हा मान त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नसता. सात कळश्या त्यांनी स्वतःच्या हातांनी भावाच्या डोक्यावर ओतल्या. चौथ्या कळशीला विश्रामचा श्वास अडकला. सुनीतीने तो ऐकला. अक्कांनी पण ऐकला असावा, कारण पाचवी त्यांनी जरा थांबून घातली.

*

श्रीपाद कसालच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. अक्का आणि विश्रामचा हा धाकटा भाऊ वर्षातून दोन वेळा गावी यायचा, एकदा गणपतीला आणि एकदा या दिवसाला, आणि दोन्ही वेळा आपण केवळ घरच्यांसाठी आलोय असं चारचौघांत सांगायचा.

देवळाच्या वाटेवर सुनीतीने त्याला गाठलं.

"भावजी, तुमी बाबलीशी बोलतलास म्हणालास."

"बोलतलंय मा."

"कधी? देवी येवन गेल्यार?"

"वयनी, अशा गोष्टी वेळ बघून बोलायच्या असतात." श्रीपाद अडचणीत आला की शुद्ध बोलायचा.

"वेळ आताच आसा. ते ओल्या धोतरान उबे आसत. बाबलीक सांगा, आजच्या दिसाक नुसता गाऱ्हाणा घाला आणि सोडा. तुमचा तो ऐकता. मास्तर म्हणता तुमका."

बाबली म्हणजे गावकार, खालच्या घरातला. देवीपुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं काम त्याचं. श्रीपादने रात्रीच मनाशी सगळं जुळवलं होतं. स्नायूंचं आकुंचन, उष्णता, प्राणवायूची मागणी, हृदयावरचा ताण. नववीचं सहावं प्रकरण. एका वाक्यात सांगता येण्यासारखं. तो बाबलीजवळ गेला. बाबली पानाला चुना लावत होता.

"काय मास्तर?"

"थंडी आसा नाय आज?" श्रीपाद म्हणाला.

"व्हय तर."

एवढं बोलून तो परतला. सुनीतीने बायकांच्या रांगेतून त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. ते त्याला जास्त लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

पण जे तो वहिनीला सांगू शकत नव्हता ते असं, की विश्राम बाजूला झाला तर घरातला पुढचा पुरुष तोच होता. मोठा भाऊ आजारी पडताच धाकट्याने त्याला हटवलं, असं गाव म्हणालं असतं. म्हणू दे. त्याहून मोठी भीती दुसरी होती. या सगळ्यावर आपला विश्वास नाही असं वीस वर्षं वर्गात सांगून झाल्यावर, आपल्याला तिथे, त्या ओल्या धोतरात, उभं राहावंसं वाटतं.

शिवा गुरवाने घंटा दिली. ढोल सुरू झाला. विश्रामच्या दोन्ही मुठींत तांदूळ भरले गेले. देवी अंगात आली की गावकार विचारतो, आणि ती मूठ उघडते. उजवी उघडली तर हो, डावी उघडली तर नाही.

तीन मिनिटं झाली नसतील. विश्रामच्या खांद्यातून एक थरथर गेली. मग जबडा. मग सगळं अंग.

"इली!" कुणीतरी ओरडलं. "इली, इली! यंदा कितकी बेगीन इली बघा!"

दोनशे माणसं एकदम खाली वाकली. श्रीपादही वाकला. आणि वाकता वाकता त्याला दिसलं, की भावाच्या दंडावर काटा आलाय. बारीक, कोंबडीच्या कातड्यासारखा. ओठांच्या कडा निळसर. त्याला हे कळत होतं. महाराष्ट्रात या क्षणी हे समजणारी जी काही माणसं असतील त्यांत तो एक होता, आणि तो तोंड मातीला लावून बसला होता.

"बा देवी सातेरी म्हाराजा!" बाबलीचा आवाज चढला.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"फुडल्या वर्सा तुझा बारा वर्सांचा मोठा कार्य आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अकरा दिस तुका रोज यॅवचा आसा. ह्याच घरात, ह्याच अंगात येवची तुझी राजी आसली तर उजवी दी, नसली तर डावी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" श्रीपादच्या तोंडून निघालं.

*

ती नव्हती.

विश्रामला ते पहिल्या थरथरीलाच समजलं होतं. बावीस वर्षं ज्या पाहुणीची पावलं ओळखीची, तिच्या जागी भलतंच कुणी घरात शिरावं तसं. ती यायची तेव्हा अंग हलकं व्हायचं, आपण बाजूला सरकून तिला जागा द्यायची. आता कुठे सरकायला जागाच नव्हती. आपलंच अंग आपल्याला गच्च धरून हलवत होतं.

ताप तीन दिवस होता. सुनीती झोपली की तो कपाळाला ओलं फडकं लावायचा आणि पहाटे वाळत टाकायचा. चतुर्थीच्या दिवसांत ओट्यावर बसून बाबली सहज म्हणाला होता, "खंडित मूर्ती पुजूची नसता, पण माणसाचा काय, ता बघूक व्हया." त्यात वाकडेपणा नव्हता. एखाद्या फुटक्या कौलाचं काय करायचं तसं तो बोलला होता. पण विश्रामच्या मनात ते रुतून बसलं. छाती फोडलेली, आत लोखंड. अशा घरी ती येईल? म्हणून यंदा उभं राहायचंच होतं.

टिक टिक टिक टिक. कानातच वाजत होतं. एवढं वेगात त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. सांगावं म्हटलं तर दात एकावर एक आपटत होते, शब्द मध्येच चिरडत होते. श्वास आत घेतला की तो पुरतच नव्हता. बाबली काहीतरी विचारत होता. उजवी, डावी. विश्रामने दोन्ही मुठी जिवाच्या आकांताने मिटून धरल्या. निदान खोटं उत्तर तरी जाऊ नये. पण मुंबईला उजव्या मनगटात चार दिवस सुई होती, तेव्हापासून त्या हाताची पकड कच्चीच होती. बोटं सुटली.

तांदूळ सांडले.

"उजवी!" गाव उठला. "उजवी दिल्यान! व्हय म्हाराजा!"

*

अक्कांनी तीन पुरुषांचे अवसार बघितले होते. बापाचा, काकाचा, भावाचा. बापाच्या वेळी त्या पाच वर्षांच्या होत्या आणि भीतीने आईच्या पदरात शिरल्या होत्या. आईने त्यांना बाहेर काढून सांगितलं होतं, बघ, नीट बघ. तेव्हापासून त्या बघत आल्या. देवी आधी पायांत येते. टाच उचलली जाते. मग गुडघे रुंदावतात, हात फाकतात, छाती वर येते. किडकिडीत काकासुद्धा त्या वेळी दारात मावेना. देवी माणसाला पसरवते.

आणि हा? याचे गुडघे एकमेकांना चिकटले होते. कोपरं बरगड्यांत रुतली होती. खांदे कानांपर्यंत. एवढा मोठा बाप्या हळूहळू लहान लहान होत चालला होता, कुणाच्या तरी कुशीत शिरायला बघत असल्यासारखा.

सात कळश्या. माझ्या हातांनी.

अवसार चालू असताना बाईने देवळापुढच्या रेघेच्या आत पाऊल टाकायचं नसतं. अक्का रेघ ओलांडून गेल्या. अंगावरची धाबळी काढून त्यांनी भावाच्या डोक्यावरून टाकली, दोन्ही हातांनी त्याला आवळला आणि ओरडल्या, "ढोल बंद करा! मागे सरा!"

ढोल थांबला. गावाला वाटलं, देवी गेली, अक्का भावाला सावरतायत. बायकांनी कौतुकाने सुस्कारे टाकले. बायकांच्या रांगेतून एकटी सुनीती धावत सुटली होती.

*

घरी पोचल्यावर पंचवीस वर्षांत पहिल्यांदा अक्कांनी सुनीतीला विचारलं, "काय करू, सांग."

"आदी ओला काढा. पुसा. जोरान नको, टिपून घ्या. डोक्याक टोपरा बांदा. मोजे खंय आसत? भावजी, रबराची पिशवी कपाटात आसा, ऊन पाणी भरा. लय कढत नको."

श्रीपादने पिशवी भरली, अर्धं पाणी पायावर सांडून घेतलं आणि तशीच आणून दिली. सुनीतीने तापाची गोळी दिली, काखेत थर्मामीटर लावला आणि विश्रामच्या छातीला कान लावून त्या टिकटिकीबरोबर मोजत राहिली.

"एकशे अडतीस," ती म्हणाली. आणि मग थर्मामीटर उजेडात धरून, "एकशे दोन ताप." तिने नवऱ्याकडे बघितलं. "हो आजचो नाय. किती दिस?"

विश्राम भिंतीकडे बघू लागला.

"किती दिस, म्हटलंय."

"तीन."

सुनीती उठून उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, पण ते काम तिने पुढे ढकललं. "डागदरान लिवन दिल्यान हा. ह्या झडपेक जंतू लागूक शकतत. ताप आणि थंडी एकदम इली तर एक दिस थांबा नको. भावजी, इद्रीसची जीप जत्रेत आसा. घेवन येवा. कुडाळात थांबूचा नाय, सरळ गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात."

श्रीपाद पळाला. या वेळी खरंच पळाला, चपला न घालता.

थरथर हळूहळू उतरली. आधी पाय गप्प झाले, मग हात. जबडा मात्र मधूनमधून वाजे. सुनीती पिशवीत कपडे, गोळ्या, मुंबईचे कागद भरायला आत गेली. बहीणभाऊ दोघेच उरले.

"अक्का."

"बोला नको."

"ती इली नाय गो."

"माका दिसला."

"आता ती माझ्यात यॅवची नाय. लोखंड भरलेला आसा मा हंय." त्याचे डोळे भरले. "आणि तांदूळ उजवेक पडले. गावान बघितला. फुडल्या वर्सा अकरा दिस उबा ऱ्हवाक व्हया. ऱ्हवतलंय. आपल्या घराचो शबूद आसा."

"शबूद तुझो नाय, हिवाचो," अक्का म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या.

कारण ते खरं होतं. एकदा देवीने हो म्हटलं, की बाबली नारळ आणि वस्त्र घेऊन दारात येणार. ते हातात घेतलं, की मागे फिरता येत नाही. आणि ते नाकारायचं तर एकच वाट होती: आज जिच्यापुढे सगळा गाव वाकला ती देवी नव्हती, हे तोंडाने सांगायचं. अवसार खोटा ठरला की मान खालच्या घराला जायचा. बाप, काका, भाऊ. अक्कांना स्वतःचा संसार मिळाला नव्हता. लग्नाला दीड वर्ष झालं नि कपाळ पुसून त्या या घरी परत आल्या. तेव्हापासून त्यांचं असं जे काही होतं ते हेच होतं. सातेरीच्या घरची अक्का.

सुनीती पिशवी घेऊन बाहेर आली. तिने विश्रामचं बोलणं ऐकलं होतं.

"अक्कानू," ती म्हणाली, "फुडच्या वर्साचा फुडच्या वर्सा बघूया. आता नारळ घेवन टाका. वाद नको. माका गाडी अडवची नाय."

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. भावजय हे मनापासून म्हणत होती. तिला आत्ता फक्त गाडी हवी होती. सकाळी पाण्यासाठी भांडणारी सुनीती आता नमतं घेत होती आणि वर्षभर विश्राम त्या नारळाकडे बघत दिवस मोजणार होता. तो शब्द मोडणारा नव्हता. पहिल्याच दिवशी, सातव्या कळशीला नाहीतर ढोलाच्या पहिल्या टिपरीला, तो पडला असता.

*

जीप दारात लागली तेव्हा बाबलीही पोचला. पाठीमागे शिवा गुरव, पंधरावीस माणसं. बाबलीच्या हातात तांबड्या वस्त्रावर नारळ. आनंदी होता बिचारा. इद्रीसने मागची सीट आडवी करून तिच्यावर गोधडी अंथरली होती. त्याने इंजिन चालूच ठेवलं.

"दादाक गाडीत घालूया आदी," तो म्हणाला. "मास्तर, तुमी पाय धरा."

विश्रामला चढवलं. सुनीती त्याच्या उशाशी बसली. बाबली जीपच्या मागच्या दाराशी आला.

"विश्रामदादा, त्रास जास्ती झालो मा? देवी जोरात होती यंदा. हात फुडे करा, नारळ देतंय, मगे जावा."

गोधडीतून विश्रामचा हात बाहेर येऊ लागला. अक्कांनी तो धरला आणि परत आत घातला.

"बाबली, नारळ परत ने."

"काय?"

"ती देवी नव्हती. माझ्या भावाक ताप होतो, हीव भरलेला. वरसून सात कळशे थंड पाणी मियां घातलेला. तुमी सगळे पाया पडलास ता त्या हिवाच्या."

शिवा गुरवाने कपाळाला हात लावला.

"अक्का, तुमका समाजता तुमी काय बोलतास ता?" बाबली म्हणाला. "मगे आमी इतकी वर्सां काय बघतत होतो?"

"इतकी वर्सां ती होती. मियां बघितलंय तिका, तीनय वेळा, तीन अंगांत. म्हणानच आज नाय ता वळाखलंय."

हे बोलताना त्या बाबलीकडे बघत होत्या, पण बोलत होत्या पाठीमागे. गोधडीखालचं डोकं जरासं हललं.

"मान जातलो, अक्का."

"जांवदे."

"तीन पिढ्ये—"

"पिढ्ये माका मोजूक येतत. भाव दोनच आसत, आणि तेंतलो एक मास्तर."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. श्रीपाद अनवाणी, चिखलाने भरलेल्या पायांनी उभा होता. तो पुढे आला. त्याने शुद्ध बोलायला तोंड उघडलं आणि मग ते सोडून दिलं.

"बाबली, अक्का सांगता ता खरा. दादाच्या अंगार काटो इलेलो, होट निळे पडलेले. माका तवाच कळला. मी गप ऱ्हवलंय. तुझ्याबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणालंय. आणि मान खालच्या घराक जाता तर जांव. मी मागूचंय नाय."

बाबलीने नारळाकडे बघितलं. त्याच्या घरात आता जे येणार होतं त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो दिसेना. त्याचा थोरला मुलगा गेल्याच महिन्यात दम्याने आडवा होता, हे त्याला याच घटकेला आठवलं असावं. त्याने वस्त्राची कड नारळावर ओढून घेतली आणि जीपला वाट दिली.

अक्का पदर खोचून मागे चढल्या. वार्षिकाच्या दिवशी त्यांनी गावची वेस कधी ओलांडली नव्हती. सुनीतीने न सांगता आपले पाय आखडून त्यांना जागा केली, आणि धाबळीचं एक टोक त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं. ओल्या भावाला आवळून आणताना अक्कांचं लुगडं पुढून भिजलं होतं. ते अजून तसंच होतं. सकाळपासून हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही.

"अक्का," गोधडीतून आवाज आला, "ती माझ्यात परत येतली काय गो?"

या घरात असले प्रश्न अक्कांना विचारायचे आणि अक्कांनी उत्तर द्यायचं, अशीच रीत होती. अक्कांनी बाहेर बघितलं. माणसं अजून रस्त्यात उभी होती, बाबली मधोमध.

"माका ठावक नाय," त्या म्हणाल्या. मग पुढे वाकून त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"इद्रीस, गाडी हळू हाक बाबा. आज आमी तेका खूप हलवलाव."